उत्पत्तीचा सातवा दिवस

भिवंडीजवळच्या काल्हेरच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी जो मनुष्य थोडा वेळ स्वस्थ उभा राहील, त्याला जमीन आणि पाणी यांच्यामधील हद्द कोणी एकदाच कायमची आखून ठेवलेली नसून ती रोज दोन वेळा मोडते आणि दोन वेळा नव्याने आखली जाते, हे मुद्दाम सांगावे लागत नाही. घटकाभरापूर्वी जिथे उल्हास नदीचे गढूळ पाणी तिवरांच्या फांद्यांना टेकलेले होते, तिथे काळाभोर चिखल उघडा पडतो. त्यावर निवट्या उड्या मारू लागतात, खेकड्यांची बिळे दिसू लागतात, बगळे सावकाश उतरतात. आणि पुन्हा भरतीची वेळ झाली म्हणजे हे सारे पाण्याखाली नाहीसे होते. या खाडीपट्ट्यातल्या आगरी माणसाने पिढ्यान् पिढ्या जी शेती केली, ती या मोडत्या-घडत्या हद्दीवर बांध घालून केली. चिखलाचा बांध, त्यात पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ न देणारी उघाडी, आणि बांधाच्या आत दोन-चार पावसाळ्यांनी मीठ धुऊन निघाल्यावर हिरवे होणारे भाताचे खाचर, एवढ्या सामग्रीवर खाजणाची जमीन उभी राहते. बांधाला एक खांड पडली की वर्षाचे पीक जाते आणि खाचर पुन्हा खाडीचे होते.

बायबलच्या पहिल्याच ग्रंथाच्या, म्हणजे 'उत्पत्ती'च्या, पहिल्या अध्यायात तिसऱ्या दिवशी ईश्वर पाण्याला एका जागी जमण्याची आज्ञा करतो आणि कोरडी भूमी दिसू लागते, असे वर्णन आहे. मी हा अध्याय अनेकदा वाचला होता; परंतु त्याचा विचार गांभीर्याने करण्याची निकड मला या बांधावर वाटली, कारण सृष्टी निर्माण करणे म्हणजे मुख्यतः मर्यादा घालणे होय, ही त्या अध्यायाची मध्यवर्ती कल्पना खाजणात राबणाऱ्या माणसाला भाष्यकारावाचून समजण्यासारखी आहे. या कथेचा अर्थ कसा लावावा, या प्रश्नावर जगात आजवर जो वाद झाला, तो बहुतेक पहिल्या सहा दिवसांभोवती फिरला. माझे म्हणणे असे की त्या कथेची किल्ली सातव्या दिवशी आहे, आणि त्या सातव्या दिवसाचा अर्थ आपल्या कोकणातील व मुंबईतील काही माणसांनी ग्रंथावर वाद न घालता आपल्या आचरणाने इतका स्पष्ट करून ठेवला आहे की मराठी वाचकाला तो शोधण्यासाठी दूर जावे लागू नये.

ही कथा मराठीला परकी नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विट पाद्र्याने आपले 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातील 'पहिले पुराण' जुन्या कराराचे असून त्यात सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आहे, आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याइतका त्याचा शब्दसंसार आपल्या पुराणपरंपरेतला आहे. तो पाद्री ज्या साष्टीत वावरला ती गोव्याची साष्टी. परंतु ठाण्याची साष्टीही त्या काळी पोर्तुगिजांच्याच अमलाखाली होती आणि १७३७ साली ती मराठ्यांनी घेतली. त्या मोहिमेत ज्यांचा मोठा वाटा होता ते गंगाजी नाईक अंजूरचे, म्हणजे काल्हेरच्या शेजारचे. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायबलचे मराठी गद्य भाषांतर केले; आणि पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक भाषांचा स्वतः अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकाठी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जे जाहीर वाद झाले, निदान तेव्हापासून ख्रिस्ती शास्त्राची परीक्षा घेण्याचीही आपल्याकडे परंपरा आहे. तेव्हा या कथेकडे कुतूहलाने, आदराने आणि चिकित्सेने पाहण्याचा अधिकार मराठी वाचकाने केव्हाच मिळविलेला आहे.

अर्थ लावण्याची पहिली पद्धत शब्दशः वाचनाची. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधील वंशावळींची वर्षे मोजून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षी ठरविला. ज्यू लोकांची कालगणना तो आरंभ ख्रिस्तपूर्व ३७६१ मध्ये धरते. हे हिशेब करणारी माणसे अडाणी नव्हती, त्यांच्या हाती जो दस्तऐवज होता त्याचा जमाखर्च त्यांनी प्रामाणिकपणे मांडला होता. परंतु भिवंडीच्या टेकड्यांचा काळा पाषाण हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा आहे आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, असे जेव्हा भूशास्त्र पुराव्यानिशी सांगते, तेव्हा तो जमाखर्च टिकत नाही. विज्ञानाचा दाखला बाजूला ठेवला तरी अडचण सुटत नाही, कारण ती ग्रंथाच्या आतच आहे. पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशाने झाली? पहिल्या अध्यायात वनस्पती, पशू आणि शेवटी मनुष्य असा क्रम आहे, तर दुसऱ्या अध्यायात मनुष्य मातीतून आधी घडविला जातो, बाग नंतर लाविली जाते आणि पशू त्याच्याही नंतर येतात. ज्यांनी हे दोन अध्याय एकाला एक लावून ठेविले, त्यांना ही विसंगती दिसली नसेल असे मानणे म्हणजे त्यांना आपल्याहून मंदबुद्धी समजणे होय. त्यांनी दोन्ही ठेविले, याचाच अर्थ असा की त्यांना क्रमाचा पंचनामा करावयाचा नव्हता.

दुसरी पद्धत जुळवाजुळवीची. 'दिवस' म्हणजे युग असे मानावे आणि सहा दिवसांत भूशास्त्राची सहा युगे बसवावी, असा प्रयत्न युरोपात एकोणिसाव्या शतकात पुष्कळ झाला. आपल्यालाही हा मोह ओळखीचा आहे. मत्स्य, कूर्म, वराह या अवतारांत उत्क्रांतीचा क्रम पाहणारे, किंवा ब्रह्मदेवाच्या ४३२ कोटी वर्षांच्या दिवसात पृथ्वीचे वय सापडल्याचा आनंद मानणारे सद्गृहस्थ आपल्याकडे कमी नाहीत. या पद्धतीचा हेतू श्रद्धेचे रक्षण करण्याचा असतो, परंतु परिणाम उलट होतो. फळझाडे माशांच्या आधी आणि सूर्य वनस्पतींच्या नंतर, हा उत्पत्तीचा क्रम कोणत्याही युगगणनेत बसत नाही, म्हणून तो वाकवावा लागतो. आणि एकदा वाकविलेला अर्थ पुढच्या पिढीच्या शास्त्राबरोबर पुन्हा वाकवावा लागतो. धर्मग्रंथ अशा रीतीने विज्ञानाच्या दारात हजेरी लावणारा उमेदवार बनतो. त्याला जे स्वतःचे सांगावयाचे होते, ते मात्र कोणी ऐकून घेत नाही.

शब्दशः अर्थ न घेणे ही डार्विनने १८५९ साली धर्मपंडितांवर लादलेली तडजोड आहे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो खरा नाही. तिसऱ्या शतकातील ओरिजेनने सूर्यावाचून झालेले पहिले तीन दिवस कोणता समंजस मनुष्य अक्षरशः खरे मानील, असा प्रश्न उघडपणे विचारला होता. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन उत्पत्तीच्या ग्रंथावर विस्तृत भाष्य लिहीत असता अशा निष्कर्षाला आले की ईश्वराने सारे एकदमच निर्मिले आणि हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नव्हेत. शिवाय निसर्गाविषयी ज्या गोष्टी इतरांना निश्चित ठाऊक आहेत त्यांच्या विरुद्ध धर्मग्रंथाच्या नावाने बोलून ख्रिस्ती माणसाने ग्रंथाचे हसे करू नये, असा इशाराही त्यांनी दिला. ज्यू परंपरेत अकराव्या शतकातील राशी आणि बाराव्या शतकातील मायमोनिदिस यांनीही अक्षरार्थाच्या मर्यादा दाखविल्या. कॅथलिक चर्चने तर १९४३ साली पोप बारावे पायस यांच्या आज्ञापत्राने बायबलमधील निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांचा विचार करून अर्थ लावण्यास अभ्यासकांना मोकळीक दिली.

या सर्वांत राशीने उपस्थित केलेला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जुन्या गुरूंचा हवाला देऊन तो विचारतो की हा ग्रंथ जर धर्माज्ञांचा आहे, तर त्याचा आरंभ पहिल्या आज्ञेपासून न होता सृष्टीच्या उत्पत्तीपासून का व्हावा? उत्तर असे की पृथ्वीची मालकी कोणाची, हे आधी ठरले पाहिजे. ज्याने ती केली त्याची ती, आणि तो ती ज्याला देईल त्याने ती त्याच्या अटींवर धारण करावी. हे उत्तर आपल्या महसुली दप्तराच्या भाषेत सांगावयाचे तर उत्पत्तीचा पहिला अध्याय ही सनद आहे. पंचनामा घडलेल्या गोष्टीचा तपशील नोंदवितो. सनद धारण करणाऱ्याचा हक्क आणि त्याची जबाबदारी ठरविते. जुन्या अमदानीत खाजण उठविणाऱ्याला सरकारातून कौल मिळे, सारा इस्ताव्याने वर्षावर्षाला चढत जाई, आणि बांध राखणे हे त्याच्याकडे येई. त्या कौलात खाडी किती लाख वर्षांची आहे हे कोणी शोधीत नसे, आणि ते त्यात लिहिलेले नाही म्हणून कौल खोटाही ठरत नसे.

ही सनद कोणासमोर वाचली गेली, हे पाहिले म्हणजे तिचा अर्थ अधिक उघड होतो. निनवेच्या उत्खननात मिळालेल्या मातीच्या विटांवरून जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ साली बाबिलोनची सृष्टिकथा जगापुढे आणली. तीत मार्दुक हा देव आदिजलाची देवता तियामत हिला मारून तिच्या देहाचे दोन भाग करतो, त्यांतून आकाश-पृथ्वी घडवितो, आणि पराभूत पक्षाच्या किंगू नावाच्या देवाच्या रक्तातून मनुष्य निर्माण करवितो. मनुष्य निर्माण करण्याचा हेतू असा की देवांचे कष्ट त्याने करावे आणि देवांना विसावा मिळावा. उत्पत्तीचा पहिला अध्याय ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपास, ज्यू लोक बाबिलोनमध्ये बंदिवान होते त्या काळात किंवा त्यानंतर लौकरच, आजच्या स्वरूपात आला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या नगरीच्या बंदिवासात ते होते, त्या नगरीच्या धर्माचे सांगणेच असे होते की मनुष्य हा राबण्यासाठीच जन्मला. त्या नगरीच्या छायेत या पराभूत लोकांनी जी कथा सिद्ध केली, तीत युद्ध नाही, रक्त नाही. आदिजल आहे, पण ते देवता नाही, केवळ पाणी आहे. सूर्य आणि चंद्र यांची नावेदेखील त्या अध्यायात घेतलेली नाहीत. मोठी ज्योती आणि लहान ज्योती एवढाच त्यांचा उल्लेख आहे, कारण ती नावे घेतली असती तर देवतांची नावे घेतल्यासारखे झाले असते. आणि मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हा मान बाबिलोनमध्ये जिथे राजाच्या आसपासच घुटमळत असे, तिथे तो या अध्यायाने स्त्री-पुरुष भेद न करता मनुष्यमात्राला दिला.

या सृष्टिकथेची रचना पाहावी. पहिल्या तीन दिवसांत ईश्वर वेगळे करतो: प्रकाश अंधारापासून, वरचे पाणी खालच्या पाण्यापासून, समुद्र जमिनीपासून. पुढच्या तीन दिवसांत तो त्या वेगळ्या केलेल्या जागा भरतो: आकाश ज्योतींनी, पाणी व अंतराळ मासे-पक्ष्यांनी, जमीन पशूंनी आणि माणसांनी. आधी बांध, मग पीक. हा क्रम खाजणात राबणाऱ्याला शिकवावा लागत नाही. सहाही दिवसांच्या अखेरीस संध्याकाळ झाली आणि सकाळ झाली, हे पालुपद येते. सातव्या दिवशी ते येत नाही. त्या दिवशी ईश्वर काही नवे करीत नाही, तो थांबतो. त्या दिवसाला आशीर्वाद देतो आणि तो पवित्र ठरवितो. अवकाशात जे बांध घातले गेले, तसाच हा काळात घातलेला बांध होय, आणि तो घालताना ईश्वराने प्रथम स्वतःच्याच कर्तृत्वाला मर्यादा घातली. कुराणातही आकाश आणि पृथ्वी सहा दिवसांत निर्माण झाल्याचे सांगून ईश्वराला थकवा शिवला नाही असे बजाविले आहे. हिब्रू मूळ शब्दाचा अर्थही थकून विसावणे असा नसून थांबणे असा आहे, म्हणून या दोन ग्रंथांत जितका विरोध वरवर दिसतो तितका तो नाही. समर्थाने आपल्या सामर्थ्याला आपण होऊन लगाम घालणे, हा त्या दिवसाचा आशय आहे.

आणि या आशयाला निसर्गात कोठेही आधार नाही. दिवस पृथ्वीच्या फिरण्यावरून होतो, महिना चंद्रावरून, वर्ष सूर्यावरून. सात दिवसांचा आठवडा मात्र आकाशातील कोणत्याही ज्योतीच्या भ्रमणातून निघत नाही. आपल्याकडे वारांना ग्रहांची नावे आहेत. हिब्रू भाषेत ते पहिला, दुसरा, तिसरा असे केवळ मोजले जातात, आणि नाव एकट्या सातव्याला आहे: शब्बाथ, थांबण्याचा दिवस. हा दिवस का पाळावा, याची बायबल दोन कारणे देते. 'निर्गम' ग्रंथात कारण दिले आहे की ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी तो थांबला. 'अनुवाद' ग्रंथात तीच आज्ञा पुन्हा येते, परंतु कारण बदलते: तू मिसर देशात गुलाम होतास याचे स्मरण ठेव. दोन्ही ठिकाणी विसाव्याचे हक्कदार नावानिशी सांगितलेले आहेत: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, वेशीच्या आत राहणारा परका, आणि दुसऱ्या ठिकाणी बैल व गाढव यांचाही वेगळा उल्लेख आहे. सृष्टीची उत्पत्ती आणि गुलामाची सुटका ही दोन कारणे ज्या ग्रंथाने एकमेकांच्या जागी ठेविली, त्या ग्रंथाच्या सृष्टिकथेचा अर्थ आपण केवळ खगोलशास्त्राच्या चौकटीत शोधीत बसणे म्हणजे सनदेच्या कागदाचे वजन करून तिची किंमत ठरविणे होय.

आता कोकणाकडे वळतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, असे कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल लोक, मानतात. कित्येक शतके ते कुलाब्याच्या गावोगावी मराठी बोलत, मराठी नेसत, गावाच्या नावावरून आडनावे घेत राहिले. हिब्रू भाषा ते विसरले, धर्मग्रंथाची गुंडाळी त्यांच्याजवळ राहिली नाही, आपल्या सणांना ते नव्याचा सण, बिरड्याचा सण अशी घरगुती मराठी नावे देत. मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, एकेश्वराचे स्मरण करणारा एक लहानसा मंत्र आणि सातवा दिवस, एवढे त्यांच्याजवळ उरले. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. लाकडी घाण्याभोवती डोळ्यांना झापड बांधलेला बैल दिवसभर एकाच वाटेने फिरतो, उखळीतून तेलाची धार बारीक पडत राहते, आणि ज्याचा घाणा थांबला त्याची त्या दिवसाची कमाई थांबली, असा तो निर्दय हिशेब. तरीही दर शनिवारी त्यांचा घाणा बंद असे आणि बैल सुटा असे. यावरून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. ज्यांच्यापाशी उत्पत्तीचा ग्रंथच नव्हता, त्यांनी त्या ग्रंथातील सृष्टिकथेचा शेवट आपल्या घाण्यावर आणि बैलावर लिहून ठेविला. पुढे मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू आणि मराठी बायबल त्यांच्या हाती आले, तेव्हा आपण काय पाळीत आलो याचा मजकूर त्यांनी प्रथमच वाचला. अर्थ आधी, अक्षर नंतर, असा हा प्रवास आहे, आणि अर्थ लावण्याच्या शास्त्राने त्यापासून धडा घ्यावा असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरे उदाहरण नारायण मेघाजी लोखंडे यांचे. ठाण्यात शिकलेला, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत घडलेला आणि 'दीनबंधु'चा संपादक असलेला हा मनुष्य ख्रिस्तीही नव्हता आणि ज्यूही नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत त्या वेळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि नियमित साप्ताहिक सुटी नसे. १८८४ च्या सप्टेंबरात परळला भरलेल्या कामगारांच्या सभेतून जो अर्ज निघाला, त्यात पहिली मागणी रविवारच्या सुटीची होती आणि त्यामागे साडेपाच हजार कामगार उभे होते. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, तिथे स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा वार होता, तसा तो महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांच्या खंडोबाचाही वार होता. तो धागाही या मागणीशी जोडला गेला. लोखंड्यांचे गुरू ज्योतीराव ईश्वराला 'निर्मिक' म्हणत, आणि त्याने सर्व मनुष्यप्राणी समान निर्मिले या सिद्धांतावर त्यांनी आपला सार्वजनिक सत्यधर्म उभा केला. निर्मात्याच्या कल्पनेतून श्रमिकाच्या विसाव्यापर्यंतची वाट बाबिलोनच्या बंदिवानांनी ज्या दिशेने चालली, त्याच दिशेने परळ-महालक्ष्मीच्या गिरणी कामगारांनीही ती चालली, असे मी म्हणतो ते कोणाला कोणाच्या पदरी बांधण्यासाठी नव्हे. एकाच सत्याकडे दोन पायवाटा जातात, एवढ्याच अर्थाने.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला श्रद्धावंतांचा: दिवस जर खरे दिवस नसतील, तर सातव्या दिवसाच्या आज्ञेला आधार कोणता? याचे उत्तर असे की, आज्ञेचा आधार दिवसाच्या लांबीवर नाही, ती देणाऱ्याच्या स्वभावावर आहे. जो स्वतः थांबतो तोच दुसऱ्याला थांबू देतो, हे सत्य, दिवस चोवीस तासांचा असो वा चोवीस युगांचा, सारखेच बांधील करते. दुसरा आक्षेप आपल्याच परंपरेच्या अभिमान्यांचा: आमच्याकडे हे नव्हते काय? होते. कित्येक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, पोळ्याला त्याची पूजा करतात, नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी समुद्राला विसावा देतात. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्ताने तर सृष्टी कशी झाली हे कदाचित वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक नसेल, अशी नम्रता जगाला शिकविली. परंतु त्याच ऋग्वेदातील पुरुषसूक्ताचा आधार घेऊन माणसामाणसांत पायरी लावण्यात आली, आणि उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील शापाचा आधार घेऊन अमेरिकेतील मळेवाल्यांनी काळ्या माणसाला गुलाम ठेविले. म्हणून कोणाचा ग्रंथ श्रेष्ठ, हा प्रश्न निष्फळ आहे. त्या ग्रंथाचे वाचन शेवटच्या माणसाला जू काढून देते की त्याच्या मानेवर चढविते, ही कसोटी फलदायी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने असे मांडले की पृथ्वी वश करा आणि तिच्यावर सत्ता चालवा, या उत्पत्तीतील वचनानेच आजच्या पर्यावरणसंकटाची मानसिक बैठक तयार केली. आरोप निराधार नाही. त्या वचनाचा तसा उपयोग झालाच. परंतु त्याच अध्यायात पुढे माणसाला अन्न म्हणून केवळ धान्य आणि फळे दिलेली आहेत. मांसाची परवानगी पुढे जलप्रलयानंतर येते. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेविले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, आणि मशागतीला जो हिब्रू शब्द आहे त्याच धातूपासून दास हा शब्द होतो. 'लेवीय' ग्रंथ तर सातव्या वर्षी जमीनही पड ठेवावी, असे सांगतो. राखणदार हा मालक नव्हे, हे आपल्या शेतावरच्या मचाणावर बसणाऱ्या पोरालाही कळते. सत्तेच्या वचनाला सातव्या दिवसाचा बांध आहे. बांध काढून टाकून केवळ सत्ता वाचली, तिथे चूक झाली.

मी पुन्हा काल्हेरला येतो. या काठावर पूर्वी भाताची खाचरे होती. मुंबईची बाजारपेठ आणि महामार्ग जवळ असल्याने आज इथे गोदामांचे गाळे मैलोगणती पसरले आहेत, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कंटेनर रात्रंदिवस रिकामे होत आहेत. खाडीत एके काळी डुबी मारून, हातपाटीने रेती काढणारा मनुष्य आपल्या दमाइतकाच खोल जाई आणि ओहोटी असेल तितकाच वेळ काम करी. सक्शन पंपाला दमही नाही आणि ओहोटीची वाट पाहण्याची गरजही नाही, म्हणून काठ ढासळतात. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला, ही या राज्याला भूषणावह गोष्ट आहे. परंतु गाळ्यावर डबल ड्युटी करून पहाटे पोत्यांच्याच आधाराने डोळा मिटणारा जो परप्रांतीय पोरगा मी पाहिला आहे, त्याच्यापर्यंत सातवा दिवस अजून पोहोचलेला नाही. वेशीच्या आतला परका म्हणून त्या जुन्या आज्ञेत ज्याचा उल्लेख आहे, तो हाच. पहिल्या दिवशी प्रकाश अंधारापासून वेगळा केला गेला. इथे तो भेदच मोडला आहे, आणि ज्याला आपण प्रगती म्हणतो तिचा हा भाग आपण निमूटपणे स्वीकारला आहे.

हिब्रू दिवस संध्याकाळी सुरू होतो, कारण त्या अध्यायात संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर आहे. खाडीपलीकडे ठाण्यात १८७९ साली बांधलेले बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर आहे, त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ स्वर्गाचे द्वार. शुक्रवारी सूर्य मावळतीला टेकला म्हणजे त्या लोकांच्या घरी दिवे लागतात, ते काम थांबले याची खूण म्हणून. त्याच घटकेला खाडीच्या अलीकडे काल्हेरच्या गाळ्यांवर दिवे लागतात, ते काम थांबू नये म्हणून. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा अर्थ काय, असे मला कोणी विचारले तर मी त्याला भरतीच्या वेळी बांधावर आणीन, दोन्ही काठांचे दिवे दाखवीन, आणि अलीकडच्या काठावर निदान आठवड्यातून एक रात्र ते विझतील अशी व्यवस्था करणे, हेच त्या अध्यायावरचे आपल्या पिढीला लिहिता येण्यासारखे भाष्य आहे, असे त्याला सांगेन.